जाळीपाशी बोललो ते

अल कुसैस, दुबई
रविवार, २ मार्च २०२५

निनाद,

'अनेक आशीर्वाद' असं लिहून खोडलं. ते तुला आता चालतील की नाही, माहीत नाही.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. कावेरीच्या फोनवर केला तर ती म्हणते, "दादा, निनाद गच्चीवर गेलाय." दिवसातून तीनदा गच्चीवर कोण जातं? माझी बहीण आजवर माझ्याशी खोटं बोलली नव्हती. तुझी आई बेडरूमचं दार लावून तुझ्याशी व्हिडिओवर बोलते आणि बाहेर आल्यावर डोळ्यांवर पाणी मारते. मला एक शब्द सांगत नाही. म्हणून हे कागदावर. वर्कशॉपमधला नीलेश उद्या सुट्टीवर गडहिंग्लजला चाललाय, तो वाटेत कोल्हापुरात आत्याकडे पाकीट टाकेल.

आधी कामाचं. कॉलेजचं लेटर आलं. तुझं नाव काढलं, स्पोर्ट्स स्कॉलरशिप रद्द. व्हिसा त्यांनी तू जायच्या आधीच कॅन्सल केला होता. लीगने पाच वर्षांची बंदी घातली. तुझ्या कोचला, राजन सरांना, मी दर दिवाळीला फराळ पाठवला. ते फोन उचलत नाहीत.

आणि फायिसचा डावा डोळा काढला. दोन ऑपरेशनं करून वाचवायला बघितला, तिसऱ्यात काढला. गालाचं हाड तीन ठिकाणी फुटलं होतं, तिथे धातूची पट्टी बसवलीय. तुझी आई असल्या गोष्टी तुला सांगताना गाळत असेल. मी गाळणार नाही. वीस वर्षांचा झालास, ऐकायची ताकद ठेव.

मी त्या दिवसापासून एकच विचार करतोय. तू असं का केलंस?

फायनल होती. एक-शून्यने मागे होतात. पहिल्या हाफमध्ये तुझी पेनल्टी याच कीपरने, फायिसने, अडवली होती. एकाहत्तराव्या मिनिटाला लांब पास आला, तू धावलास, फायिस गोल सोडून पुढे आला आणि दोघं आदळलात. इथपर्यंत फुटबॉल. बॉल त्याने पोटाशी धरला होता, शिट्टी झाली होती. तू उठलास, लंगडत चार-पाच पावलं चाललासही. मग वळलास, परत गेलास आणि आडव्या पडलेल्या पोराच्या तोंडावर बूट हाणलास. दोनदा. पहिल्यांदा जो आवाज आला तो वर्कशॉपमध्ये हेडलाइटची काच पायाखाली येते तसा. दुसऱ्यांदा आवाज नाही, काहीतरी ओलं. त्यांची पोरं तुझ्यावर तुटून पडली. तुझं नाक फुटलं. आपल्यातल्या एकाने कॉर्नरचा झेंडा उपटून त्यांच्या डिफेंडरच्या पाठीत घातला. दहा मिनिटं नुसती लाथाबुक्की चालली होती आणि मध्ये तो पोरगा हातमोजे घातलेल्या हातांनी तोंड धरून गोल फिरत होता, जमिनीवरच. मी गोलमागच्या जाळीपाशी उभा होतो. सगळ्यांनी पाहिलं तेच मी पाहिलं.

मीही खेळलोय, निनाद. कोल्हापुरात, पेठेच्या टीमकडून, सात सीझन. सत्त्याण्णवच्या फायनलला मी त्यांच्या सेंटर हाफचा पाय मोडला, ही गोष्ट तू शंभर वेळा ऐकलीयस. पण तो टॅकल होता. बॉलवरचा. त्यासाठी मला लोकांनी खांद्यावर घेतलं, गुलालाने आठ दिवस कानातून लाल पाणी निघत होतं. पडलेल्या माणसावर पाय मी कधी घातला नाही. तुला सहा वर्षांचा असल्यापासून बिल्डिंगमागच्या वाळूत मी शिकवलं, त्यात हे नव्हतं.

बापाला उत्तर द्यायचं असतं. लिही.

बाबा

•

शनिवार, १५ मार्च २०२५

निनाद,

कावेरीचा फोन आला होता. म्हणाली, तू पत्र उभ्यानेच वाचलंस आणि घडी घालून तिच्या हातात परत दिलंस. वर एवढंच म्हणालास, "जाळीपाशी काय बोलले ते लिहिलंय का विचार त्यांना."

काय बोलणार? कुठलाही बाप बोलतो तेच. लक्ष दे, जोर लाव. तीनशे माणसं ओरडत होती, त्यात तुला माझाच आवाज ऐकू आला?

तू विषय काढलासच तर दुसरं एक सांगून टाकतो. सेमीफायनलनंतर पार्किंगमध्ये मी तुला बूट मारला, असं तू आईला सांगितलंस. मारला नव्हता, फेकला होता. तुझी भुवई मध्ये आली. क्लिनिकमध्ये चार टाके पडले आणि नर्सने विचारल्यावर तूच म्हणालास, बाथरूममध्ये घसरलो. तसं बोल असं मी तुला सांगितलं नव्हतं. मी नुसता शेजारी उभा होतो.

घोट्याचंही सांगतो. फायनलच्या सकाळी घोटा सुजून टेनिसच्या बॉलएवढा झाला होता. राजन सरांनी मला फोन करून विचारलं, "क्या बोलते हो दत्ताभाई, खिलाऊं?" मी म्हणालो, इंजेक्शन द्या आणि उतरवा. तू समोर सोफ्यावर बर्फ धरून बसला होतास. एका क्लबचा माणूस फक्त तुला बघायला येणार होता. तो पुन्हा पुढच्या वर्षी आला असता का? तुला बाहेर बसवून मी काय मिळवलं असतं?

सर काल भेटले शेवटी. त्यांनीच ऑफिसला बोलावलं, चहा मागवला. इन्क्वायरी बंद करायचीय म्हणाले. फायिसच्या घरच्यांनी अजून पोलिसांत काही दिलं नाही, त्यांना खेळातला अपघात म्हणून समजावलंय. कॉलेजला फक्त पालकांचं एक स्टेटमेंट हवंय की मुलगा स्वभावानेच तापट होता, लहानपणापासून. "लड़का तो इंडिया में है, उसको क्या फरक पड़ता है? मामला खलास." मी म्हणालो, विचार करून सांगतो.

घोटा कसा आहे, तेवढं तरी कावेरीजवळ सांग.

बाबा

•

मंगळवार, १ एप्रिल २०२५

निनाद,

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. विचार करून सांगतो असं मी सरांना म्हणालो नव्हतो. तिथेच, चहा संपायच्या आधी, सही केली होती.

ते तुझ्या आईला सापडलं. परवा पाडवा होता आणि इथे त्याच दिवशी ईद. सकाळी गुढीला बांधायचं रेशमी वस्त्र काढायला विभावरीने माझं कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यात ती कॉपी होती. मी बाल्कनीत काठी धूत होतो. ती कागद घेऊन आली आणि मोठ्याने वाचायला लागली. शेजारच्या बाल्कनीत माणसं नवे कपडे घालून फोटो काढत होती. कागदावर इंग्रजीत होतं, ती मराठीत करून वाचत होती. मुलगा लहानपणापासून हिंसक. शाळेत मारामाऱ्या. घरी आईवरही हात टाकत असे.

"आईवर," ती म्हणाली. "माझ्यावर. माझ्यावर हात कोणी टाकला हो या घरात? सगळं खरं लिहिलंय तुम्ही, नाव तेवढं बदललंत."

मी म्हणालो, ते सरांनी टाइप केलं होतं.

"आणि सही?"

मी तिला मारलं. तुला हे कळायला हवं म्हणून लिहितो. काठी तशीच टाकून मी आत आलो आणि उलट्या हाताने मारलं, तिचा ओठ दातावर फाटला. ती पडली नाही. टेबलाचा कोपरा धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अजून मारा. बघू तरी माझं पोरगं कुठे शिकलं."

गुढी उभारली नाही. तिने तोंड धुतलं, श्रीखंडाचा डबा पिशवीत घातला आणि म्हणाली की मी फायिसच्या घरी चाललेय, तुम्ही आलात तर गाडी न्या, नाहीतर टॅक्सी करते. मी नेली. ती मागच्या सीटवर बसली.

शारजात अल नाहदाला राहतात ती माणसं. मलप्पुरमकडची आहेत, फुटबॉलवेडी, आपल्या कोल्हापूरसारखीच. वडील बदरुद्दीन रास अल खोरच्या भाजी मार्केटमध्ये होलसेलला आहेत, माझ्या वर्कशॉपपासून दहा मिनिटांवर. तेवीस वर्षांत बहुतेक मी त्यांच्या गाळ्यावरून टोमॅटोही घेतले असतील. दारात आम्हाला बघून बदरुद्दीननी आधी तुझ्या आईच्या हातातली पिशवी बघितली. मग म्हणाले, "ईद है. अंदर आओ." त्यांच्या बायकोने, मरियमने, तुझ्या आईचा ओठ बघितला, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता फडक्यात बर्फ बांधून आणला.

फायिस आला. नवा पांढरा शर्ट, डोळ्यावर पट्टी. डावा गाल उजव्यापेक्षा खाली आलाय, हसला की तोंड एकाच बाजूला जातं. आणि तो हसला, निनाद. "हॅलो अंकल" म्हणाला. पाण्याचा ग्लास उचलायला गेला तर हात ग्लासच्या अलीकडेच थांबला, मग चाचपडत पुढे गेला. अंतर कळत नाही म्हणे अजून. कीपरला अंतर कळत नाही.

तुझ्या आईने हात जोडले. तिला धड हिंदीत बोलता येईना, मराठीतच बोलत राहिली, आणि मरियम मान हलवत राहिली. मी गालिच्याकडे बघत होतो. तेव्हा फायिसने मला विचारलं. तुम्ही पोरं इंग्रजीत बोलता तसंच, सावकाश. "फर्स्ट वन वॉज फुटबॉल, अंकल. ही वॉज वॉकिंग अवे. देन ही लुक्ड ॲट द फेन्स, अँड ही केम बॅक. हू वॉज देअर?"

मी म्हणालो, बरेच लोक होते.

तुझी आई माझ्याकडे बघत होती. गाडीत मागून तिने एकदाच विचारलं, "काय म्हणालात निनादला?" घरी आल्यावर तिने बॅग भरली. सध्या तिच्या मैत्रिणीकडे, मुग्धाकडे, मरीनाला आहे, तिथूनच शाळेत शिकवायला जाते. आई ठीक आहे, तू घाबरू नकोस.

बाबा

•

शुक्रवार, ११ एप्रिल २०२५

निनाद,

हात बांधलेला आहे, अक्षर वाकडं येईल. गळ्याजवळचं हाड मोडलंय आणि समोरचे दोन दात गेलेत. कसं ते सांगतो.

काल सकाळी भाजी मार्केटला गेलो. नवाची वेळ, ट्रक रिकामे होत होते. बदरुद्दीन गाळ्यासमोर कांद्याच्या गोणी मोजत होते. मला बघून त्यांना वाटलं, दवाखान्याच्या कागदांचं काही असेल. मी म्हणालो, "भाई, उस दिन फायिसने पूछा था, जाली के पास कौन था. मैं था."

ते म्हणाले, "हां, तो?"

मग मी सांगितलं. तुलाही आता लिहितो, कारण तू दोन महिने हे एकट्याने पोटात ठेवलंस. लीगला, कॉलेजला, आईला, कुणाला बोलला नाहीस. मैदानावर मराठी कळणारे आपण दोघंच होतो आणि मला त्याचाच आधार वाटत होता.

तू उठून चालायला लागलास तेव्हा मी जाळीला दोन्ही हातांनी धरून ओरडलो, "कुठं चाललास? परत जा. तुडव त्याला. नाहीतर आज घरात पाय ठेवू नकोस."

तू बघितलंस माझ्याकडे. मला तुझा चेहरा दिसला होता. तुला जायचं नव्हतं. मी जाळीवर लाथ मारली आणि पुन्हा म्हणालो, "जा!"

पहिली लाथ तू घातलीस तेव्हा मी "आणखी" म्हणालो. हे तुला ऐकू आलं की नाही मला माहीत नाही. मी म्हणालो होतो.

त्यानंतर तू घरी आलाच नाहीस. मैदानावरून कॉलेजच्या गाडीत, तिथून टीममधल्या शौर्यच्या खोलीवर, आणि चौथ्या दिवशी एअरपोर्टवर. मी सगळ्यांना सांगत होतो की पोराला तोंड दाखवायची लाज वाटते.

बदरुद्दीनना हे मी हिंदीत सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदाही मी "आणखी" हा शब्द गाळला नाही. त्यांनी हातातली यादी गोणीवर ठेवली. नंतर लाकडी पॅलेटची एक फळी सुटून पडली होती ती उचलली. पहिला फटका खांद्यावर बसला, हाड मोडल्याचं मला आतून ऐकू आलं. दुसरा तोंडावर. मी कांद्यांमध्ये पडलो. ते मल्याळममध्ये काहीतरी ओरडत मारत होते, फळीचा खिळा मांडीत शिरला, मग फळी तुटली तेव्हा पायाने, बरगड्यांवर. मी हात वर केले नाहीत असं लिहिणार होतो, पण केले. दुखतं तेव्हा हात आपोआप वर जातात. हमालांनी त्यांना मागून कवेत धरलं. बदरुद्दीन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "मैंने उसको ग्यारह साल का था तब ग्लव्ज़ लाके दिया," एवढंच सारखं म्हणत होते.

कुणीतरी पोलिसांना फोन लावत होतं. मी नको म्हणालो, मी पडलो म्हणालो. बदरुद्दीननी डोळे पुसले. "नहीं," ते म्हणाले, "पुलिस के पास तो जाना है. दोनों जाएंगे. मैंने मारा, वो भी बोलूंगा. तूने जो बोला, वो तू बोलेगा."

त्यांच्या पिकअपमध्ये, त्यांच्याच शेजारी बसून गेलो. तोंडातून रक्त गळत होतं, तेव्हा त्यांनी गाडी चालवता चालवता गळ्यातला टॉवेल काढून माझ्याकडे टाकला. माझ्याकडे बघितलं नाही.

स्टेशनवर ऑफिसरने विचारलं, आरोपीशी नातं काय. मी म्हणालो, वडील. मग म्हणाले, मुलाला नेमके काय शब्द बोललात ते त्याच भाषेत सांगा. मी मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, तिथल्या माणसाने अरबीत केलं. ऑफिसरने लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि त्या माणसाला काहीतरी विचारलं. तो मला म्हणाला, "सर पूछते हैं, लड़का आपका ही है ना? सगा?"

बदरुद्दीननी तक्रार दिली. माझ्यावर, राजन सरांवर आणि तुझ्यावरही. तुझं नाव टाळा असं मी म्हणालो नाही. म्हणायचा मला अधिकार नव्हता, आणि तुलाही ते आवडलं नसतं असं वाटलं. मी त्यांच्यावर काही दिलं नाही. कॉलेजला मेल करून माझं ते स्टेटमेंट परत घेतलं, इंजेक्शनचं लिहिलं, भुवईचंही. पासपोर्ट जमा झालाय. कंपनीने कोर्टाचं होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय.

आणखी एक. सत्त्याण्णवच्या त्या सेंटर हाफचं नाव भिकाजी. बॉल तेव्हा दहा फुटांवर होता.

बाबा

•

शनिवार, १० मे २०२५

निनाद,

परवा कॉलेजच्या इन्क्वायरीत तू स्क्रीनवर होतास आणि मी खोलीत होतो. कॅमेरा टेबलाच्या त्या टोकाला होता, त्यामुळे मी तुला दिसलो असेन की नाही कळलं नाही. केस बारीक कापलेस. मागे कावेरीच्या स्वयंपाकघराची खिडकी होती.

एकीकडे तुझी आई आणि मरियम शेजारी शेजारी बसल्या होत्या. बदरुद्दीन आणि फायिस त्यांच्या पुढे. मी दुसऱ्या बाजूला, राजन सरांपासून दोन खुर्च्या सोडून. सर अजूनही म्हणत होते की त्यांनी पोरांना फक्त जोशात खेळा म्हटलं होतं. मग अध्यक्ष बाईंनी माझं म्हणणं वाचून दाखवलं आणि तुला विचारलं, हे खरं आहे का.

मला वाटलं होतं तू 'हो' म्हणशील. नुसतं 'हो' म्हणालास तर तुझ्यावरचं ओझं माझ्यावर येईल असा माझा हिशोब होता. सगळं त्याचसाठी केलं असंही स्वतःला सांगत होतो.

तू म्हणालास, "यस, ही सेड इट. बट इट वॉज माय लेग."

बाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा तू इंग्रजीतच बोललास. मी जसं समजलो तसं लिहितो. माझ्या घोट्यात इंजेक्शन होतं, पण डोक्यात नव्हतं. मला त्यांची भीती वाटायची हे खरं. पण परत जाताना पाच पावलं होती, आणि त्या पाच पावलांत मला राग आला होता, पेनल्टीचा, घोट्याचा, त्यांचा, आणि तो सगळा खाली पडलेल्या माणसावर काढणं सोपं वाटलं. दुसरी लाथ घालताना मला बरं वाटलं होतं. कोर्ट बोलावेल तेव्हा मी येईन.

मग तू फायिसचं नाव घेऊन सॉरी म्हणालास. माफ कर म्हणाला नाहीस, फक्त सॉरी. फायिसने मान डोलावली की नुसती खाली घातली, मला मागून कळलं नाही. स्क्रीन बंद झाली. तू माझं नाव एकदाही घेतलं नाहीस. 'ही' म्हणालास, तेवढंच.

मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा मला खांद्यावर घेतलं होतं आणि मी अठ्ठावीस वर्षं तिथून उतरलो नाही. तू जे बोललास ते बोलायला माझ्यात तेव्हाही ताकद नव्हती. हे कौतुक म्हणून घेऊ नकोस. माझ्या कौतुकाचं तू काय करणार?

निकाल असा. सरांना काढलं. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरचं लायसन्स चौकशीत आहे. तुझी बंदी तशीच. फायिसला त्याच्या कॉलेजने पदवीपर्यंत ठेवायचं लेखी दिलं. माझी कोर्टाची तारीख जूनमध्ये आहे, तुझं समन्स वेगळं येईल. वकील म्हणाला, आत जावं लागेल, किती ते जज ठरवेल. बदरुद्दीनवरचं प्रकरण मी काही बोललो नाही म्हणून तिथेच थांबलं. तुझी आई वीस तारखेला कोल्हापूरला येतेय. तिकीट तिने स्वतः काढलं. परत येणार का, मी विचारलं नाही.

संपल्यावर सगळे कॉरिडॉरमध्ये आले. शेवटी फायिस एकटाच बाहेर पडला. डाव्या हाताला काचेचं दार अर्धं उघडं होतं, त्याची कड बरोबर त्याच्या चेहऱ्याच्या रेषेत होती आणि त्याला ती दिसत नव्हती. मी जवळ होतो. दार अडवायला म्हणून मी बरा असलेला हात पटकन वर केला.

तो आक्रसला. दोन्ही कोपरं चेहऱ्यासमोर, हनुवटी छातीत, पाठ भिंतीला. क्षणभरच.

निनाद, तू असाच उभा राहायचास. आठव्या वर्षी, बाराव्या, सेमीफायनलच्या दिवशी पार्किंगमध्ये, अगदी असाच. मी ते रोज बघत होतो आणि 'आईने लाडावलंय' म्हणत होतो.

मी हात खाली घेतला. "दरवाज़ा है," म्हणालो, "लेफ्ट में." त्याने चाचपून कड शोधली, ती धरून दार लावलं आणि निघून गेला. मी तो जिन्याच्या वळणापलीकडे जाईपर्यंत हात खिशात घालून तिथेच उभा राहिलो.

दत्तप्रसाद